हर्षालीचा पगार

लग्नसराई उठली आणि खव्याचा भाव बसला. वाशी या तालुक्याच्या गावाअलीकडं, रस्त्याला लागून मल्लिनाथची पत्र्याची भट्टी होती. उन्हाळ्यात तिथं चार कढया चालायच्या, आता दोनच. कडबा संपत आला होता, हिरवा चारा अजून उगवायचा होता आणि गावातल्या म्हशी आटत चालल्या होत्या. त्यातच मल्लिनाथच्या बायकोचा, कोंडाबाईचा, उजवा खांदा धरला. लग्न होऊन आल्यापासून ती कढईत उलथनं फिरवत होती. आता हात खांद्याच्या वर जाईना. वेणी घालून घ्यायला ती लेकीपुढं पाठ करून बसायची.

म्हणून कढईवर लेक शिवांजली आली. बारावीचा निकाल लागला होता, गुण चांगले होते. सकाळचं दूध आलं की ती ओढणी नाकातोंडाला गुंडाळून चुलीपुढं बसायची. दूध ढवळताना हात थांबवता येत नाही. जरा तळाला लागलं की सगळी कढई करपते आणि तो खवा कुणी घेत नाही. दुपारपर्यंत तिच्या पापण्या लाल व्हायच्या, कपाळावरचा घाम भुवयांत उतरायचा. पण तोंड चालूच.

"काकू, तुमच्या आळीत पाणी आलं का?"

"कुठलं बाई! टाकी बांधली, रंग दिला, पाण्याचा पत्ता न्हाय."

"मग सरपंचाला इचारलं न्हाय व्हय?"

हात उलथन्यावर आणि फोन विटेला टेकवलेला. दूध घालायला आलेल्या बायकांचं बोलणं ती असं टिपून घ्यायची आणि संध्याकाळी जोडून गावातल्यांना पाठवायची. टाकीचं बोलणं फिरत फिरत तालुक्याला गेलं आणि आठ दिवसांत टाकीत पाणी पडलं. तेव्हापासून तिनं ठरवलं होतं, बातमीदार व्हायचं. पुण्याच्या एका कॉलेजात जनसंवादाची पदवी होती. तीन वर्षं. फी आणि राहणं धरून सहा लाख.

"बोलायचं शिकायला सा लाख?" कोंडाबाई म्हणाली. "ही तर पोटातनंच शिकून आलीया."

मल्लिनाथ हसला, पण आकडा त्याच्या छातीवर बसला होता. बँक कर्ज द्यायला तयार होती, जामीनदार पाहिजे होता.

"म्या हाय की जामीन!" धोंडप्पा म्हणाला.

धोंडप्पा म्हणजे भट्टीवरचा सगळ्यात मोठा दूधवाला. सहा म्हशी, पांढऱ्या मिशा आणि गावभर ऐकू जाणारा आवाज. त्याची लेक हर्षाली हीच पदवी घेऊन पुण्यात नोकरीला होती. कॅन उपडा करता करता धोंडप्पा रोज कुणाला तरी ऐकवायचा, "माझ्या पोरीला चाळीस हजार पगार हाय. कर्जाचा हप्ता तिचा ती भरती. बापाला एक रुपाया मागितला न्हाय."

मल्लिनाथच्या घरातला सगळा हिशेब त्या चाळिसावर उभा होता. चाळिसातून दहाचा हप्ता गेला तरी तीस राहतात. तिसात पोरगी खाऊनपिऊन सुखी राहील. कोंडाबाईनं हे बोटांवर मोजून पाहिलं होतं आणि मग ती गप्प झाली होती.

"तरी एकदा जाऊन बगून येतो," मल्लिनाथ म्हणाला. "कालेज बगतो, ऱ्हायची जागा बगतो."

"जायलास तर माझ्या हर्षालीकडंबी जा," धोंडप्पा म्हणाला. "दोन वर्सं झाली, पोरीला घरी यायला सवड न्हाय. कामच तसलं हाय. खवा घिऊन जा तिला. आन् सोमवारी बँकेत जाऊ, म्या सही ठोकतो."

कॉलेजची इमारत काचेची होती. मल्लिनाथनं धुतलेला सदरा घातला होता, तरी थंडगार खोलीत बसल्यावर त्याला स्वतःच्या अंगाचा वास आला. धुराचा, दुधाचा. शेजारचा माणूस जरा सरकून बसला. मल्लिनाथनं खव्याची पिशवी पायांच्या मागं घेतली.

टेबलामागच्या बाईंनी त्याला गुळगुळीत कागदाचं पुस्तक दिलं. हसणारी पोरं, कॅमेरे, दिवे.

"बाई, हितनं शिकून निघालं की पगार किती पडतो?"

"वर्षाला सहा लाखांपर्यंत."

"पर्यंत म्हंजी?"

बाईंनी वर पाहिलं. "म्हणजे पर्यंत, काका."

मल्लिनाथनं मान हलवली. दूध घेताना तोही म्हणायचा, फॅट लागलं तर अमुक रुपयांपर्यंत देईन. त्या 'पर्यंत'मध्ये काय काय मावतं, ते त्याला ठाऊक होतं.

संध्याकाळी हर्षाली त्याला घ्यायला बसथांब्यावर आली. लहानपणी भट्टीवर येऊन कढईची खरवड मागणारी ती गुबगुबीत पोर आता ओळखू येईना. गळ्याची हाडं वर आली होती. डोळ्यांखाली काळं होतं. पण "काका!" म्हणून ती अशी धावत आली की मल्लिनाथला बरं वाटलं.

एका खोलीत चौघी राहत होत्या. भिंतीकडेला गाद्यांच्या वळकट्या, कोपऱ्यात एक शेगडी. हर्षालीनं पिठलं टाकलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती दाराबाहेर गेली, तरी आवाज आत येत होता. "हो सर... नाही सर... रात्री करून पाठवते सर." आत येऊन तिनं पिशवी उघडली, खव्याचा तुकडा मोडला आणि उभ्या उभ्याच तोंडात टाकला. मग आणखी एक. मग तिनं पाठ फिरवली आणि शेगडीशी उगाच काहीतरी करत राहिली.

जेवताना मल्लिनाथनं विचारलं, "चाळिसातनं हप्ता जाऊन किती ऱ्हातंय गं तुला?"

ती आधी हसली. मग तिनं घास ताटात ठेवला.

"काका, चाळीस नाहीत. एकोणीस आहेत."

मल्लिनाथला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"पहिल्या नोकरीला बारा होते. लागले त्या दिवशी बाबांचा फोन आला. म्हणाले, किती गं पगार? स्पीकर चालू होता, काका. मागं हॉटेलातली माणसं बोलत होती, हसत होती. बाबा सगळ्यांना ऐकवायला बसले होते. माझ्या तोंडून बारा निघालंच नाही." ती बोटानं ताटाची कड पुसत राहिली. "मीच चाळीस म्हणाले. वाटलं, वर्षाभरात होतीलच. मग खरं करू."

"आन् हप्ता?"

"साडेसात. खोलीचे चार. उरलेल्यात बाकी सगळं. घरी आले तर सगळ्यांना काहीतरी न्यावं लागतं. चाळीस हजारवाली रिकाम्या हातानं कशी येणार?"

खोलीतल्या दुसऱ्या पोरींनी कानात वायरी घातल्या होत्या. ऐकू येत असूनही त्या येत नसल्यासारखं करत होत्या.

"पस्तावलीस व्हय, पोरी?"

हर्षालीनं पाण्याचा घोट घेतला. "कामाला नाही पस्तावले. लिहायला आवडतं मला, शिकलेही भरपूर. कर्जाला पस्तावले. हप्ता नसता, तर एवढ्याच पगारात मी सुखानं राहिले असते. हाच अभ्यास संभाजीनगरला विद्यापीठात होतो, काका. आधी साधी पदवी करायची, मग दोन वर्षं हा. फी याच्या पावपटही नाही. तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. काचेची बिल्डिंग बघून बाबा म्हणाले, माझी पोर हितंच शिकंल."

निघताना तिनं मल्लिनाथचे हात धरले. "बाबांना सांगू नका. पाया पडते. गावात त्यांची मान खाली जाईल."

"म्या न्हाय सांगणार," मल्लिनाथ म्हणाला. "पर त्यो सोमवारी माझ्या पोरीसाटी जामीन ऱ्हायाला निघालाय. तुझ्या चाळिसावर."

हर्षालीनं त्याचे हात सोडले. तिनं त्याला थांब्यापर्यंत सोडलं आणि एसटी हलेपर्यंत ती तिथंच उभी होती.

घरी आल्यावर सगळ्यांत आधी धोंडप्पाच पुढं आला. "कशी हाय माझी पोर?"

"बरी हाय. लई जीव लावला मला. पिठलं केलं."

"वाळली का गं ती?" धोंडप्पा कोंडाबाईकडं बघत म्हणाला, जणू तीच पुण्याला जाऊन आली होती. "फोनवर वाळल्यागत दिसती."

"शेरात वाळत्यातच मानसं," मल्लिनाथ म्हणाला आणि चुलीत लाकूड सारायला खाली वाकला.

सोमवारी धोंडप्पा इस्त्रीचा सदरा घालून, मिशांना तेल लावून भट्टीवर हजर झाला. शिवांजलीनं कागदांची पिशवी तयार ठेवली होती. मल्लिनाथ कढईपुढून उठला नाही.

"चल की. बँक भरंल."

"दादा, आज नगं."

"मग उद्या?"

"उद्याबी नगं. म्या जरा इचार करायलोय. तुमची सही ऱ्हाऊ द्या."

धोंडप्पाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "माझी सही चालत न्हाय व्हय तुला? दुसरा कुणी थोर गावला का?"

"तसं न्हाय, दादा."

"मग कसं हाय?"

मल्लिनाथ उलथनं फिरवत राहिला. दूध आटत चाललं होतं, बुडबुडे जड झाले होते. दूध घालायला आलेल्या तिघी बायका कॅन हातात घेऊन तशाच उभ्या. धोंडप्पा त्यांच्याकडं बघून ओशाळला. "इस्त्री करून आलो सकाळधरनं," असं पुटपुटत तो निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं दूध पलीकडच्या भट्टीवर जायला लागलं. मल्लिनाथची दुसरी कढईही थंड पडली.

शिवांजली बापाशी बोलेना. भाकरी पुढं ठेवायची आणि वळायची. तिसऱ्या दिवशी कढईवर बसल्या बसल्या तिचा बांध फुटला.

"मला पाठवायचंच न्हाय, तर तसं म्हना ना, अण्णा! मायचा खांदा गेला म्हनून मला हितंच बसवायचं, व्हय ना? काकांचा कशाला आपमान केला?"

"तसं न्हाय गं."

"मग कसं?"

दोन माणसांनी एकच प्रश्न विचारला होता. कोंडाबाई दारात धान्य निवडत होती, डाव्या हातानं. ती नवऱ्याकडं बघत राहिली. हा माणूस कधी कुणाचा अपमान करणारा नव्हता. आदल्या दिवसाचा खवासुद्धा तो गिऱ्हाइकाला सांगून विकायचा.

"कुणाला तरी सबूद दिलाय तुमी," ती हलकेच म्हणाली. "दिला असंल तर ऱ्हाऊ द्या. म्या न्हाय इचारनार."

मल्लिनाथनं तिच्याकडं पाहिलं, सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

शिवांजलीनं मात्र पुण्याला फोन लावला. "ताई, आमच्या अण्णांनी तुमच्या बाबांना सगळ्यांपुढं परत धाडलं. काका भट्टीवर येत न्हाईत. अण्णा काय बोलत न्हाईत. तुमच्याकडं काय झालं का?"

पलीकडून खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला. मग हर्षाली म्हणाली, "मी येते."

ती शनिवारी सकाळच्या गाडीनं उतरली. पाठीला एक पिशवी, हात रिकामे. घराकडं न जाता ती थेट भट्टीवर आली. कोंडाबाईनं तिला बघितलं आणि काही न विचारता आधी दुधाचा पेला भरून दिला. हर्षाली तो एका दमात प्याली.

"काका, मला एकटीला धीर होत नाही. चला माझ्यासोबत."

मल्लिनाथनं चूल विझवली. तो, शिवांजली आणि हर्षाली, तिघं बांधाबांधानं निघाले. वाटेत हर्षालीनं शिवांजलीला सगळं सांगितलं. एकोणीस, साडेसात, चार. स्पीकरचा फोन. शिवांजली चालता चालता थांबली, तिनं बापाकडं बघितलं आणि मग मान खाली घालून त्याच्या मागोमाग चालायला लागली. थोड्या वेळानं तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं, लहानपणी धरायची तसं.

धोंडप्पा गोठ्यात म्हैस धूत होता. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, हातात काथ्याचा चोथा. लेकीला बघून त्याच्या हातातली बादली पडली.

"आगं! न सांगता? गाडी करून आलीस का?"

"एसटीनं आले, बाबा."

मग त्याला मल्लिनाथ दिसला आणि त्याचा चेहरा आखडला. हर्षाली दोघांच्या मधे उभी राहिली.

"बाबा, मला चाळीस हजार पगार नाही. कधीच नव्हता. एकोणीस आहे. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

म्हशीच्या अंगावरून पाणी ओघळत होतं. तिनं कान झाडले, शेपटी मारली. धोंडप्पाच्या मिशांवर थेंब उडाले, त्यानं पुसले नाहीत.

"काकांना ठाऊक होतं. मी त्यांच्याकडून शब्द घेतला होता. म्हणून त्यांनी तुमची सही घेतली नाही."

शेजारच्या गोठ्यातली माणसं कान टवकारून उभी होती. आता बाप ओरडेल, नाहीतर चोथा फेकून निघून जाईल, असं शिवांजलीला वाटलं.

धोंडप्पानं लेकीकडं बघितलं. गळ्याच्या हाडांकडं, मनगटांकडं.

"मग हप्ता भरून तू खातीस काय?" तो म्हणाला.

हर्षाली मटकन खाली बसली आणि तोंड झाकून रडायला लागली. धोंडप्पा ओला हात तिच्या डोक्यावरून फिरवत राहिला, तिच्या केसांतून पाणी गळत होतं. "ये येडे," तो म्हणत होता. "माझ्याकडं सा म्हशी हायत आन् तू उपाशी? मला काय करायचंय चाळिसाचं? माझंच तोंड लई मोठं हाय. म्याच इचारलं तसं, चारचौघांत."

मग त्यानं वर पाहिलं. "मल्लिनाथ, तुला ठावं हुतं आन् तू माझं बोलनं ऐकून घेतलंस?"

"पोरीला सबूद दिल्ता, दादा."

"दूधबी त्वाडलं म्या तुझं."

"पुन्यांदा घाला की."

चहा आला तेव्हा चौघंही गोठ्यातच बसले होते. एरवी तोंड चालू असणारी शिवांजली बशी नुसती हातात धरून बसली होती.

"ताई, तुमाला परत करायचं झालं तर काय कराल?"

"हेच काम. पण पुण्यातल्या कॉलेजातून नाही. संभाजीनगरला साधी पदवी, मग विद्यापीठ. पाच वर्षं लागतील, तीन नाही. तिथला स्टुडिओ जुना आहे म्हणतात."

शिवांजलीनं बोटांनी मातीवर रेघा ओढल्या, पुसल्या. काचेची इमारत तिनं फोनवर कितीदा बघितली होती, कॅमेऱ्यापुढं उभं राहिलेलं स्वतःला कितीदा पाहिलं होतं.

"एकोणिसातनं धाचा हप्ता गेला की नऊच ऱ्हात्यात," ती म्हणाली. "मग म्या तुमच्यासारखीच हिकडं तोंड दाखवाय भेईन. पाच तर पाच. म्या संभाजीनगरला जाते, अण्णा."

"वाईट वाटतंय व्हय?"

"वाटतंय," शिवांजली म्हणाली आणि नाक ओढलं. "आजच्या दिस वाटू द्या."

मल्लिनाथनं आपल्या बशीतला चहा तिच्या बशीत ओतला.

हर्षाली चार दिवस राहिली. दोन वर्षांचं भरून काढत असल्यासारखी तिची आई तिला भरवत होती. जाताना धोंडप्पानं तिच्या पिशवीत तूप, डाळ आणि पोत्यातली ज्वारी भरली आणि एवढं ओझं कसं नेणार म्हणून स्वतःच तिच्याबरोबर पुण्याला गेला. आल्यावर पुण्याबद्दल कुणी विचारलं तर तो एवढंच म्हणायचा, "पोर लई राबती आमची."

शिवांजलीचा प्रवेश श्रावणात झाला. साध्या कॉलेजची फी खव्याच्या पैशात बसली, वसतिगृहासाठी थोडं उसनं काढावं लागलं. बँकेत कुणालाच जावं लागलं नाही. जायच्या दिवशी कोंडाबाई लेकीची वेणी घालायला बसली. हात वर जात नव्हता, म्हणून शिवांजली खाली जमिनीवर, मांडी घालून, मान वाकवून बसली. वेणी वाकडीच झाली. शिवांजलीनं ती तशीच राहू दिली.

एसटी आली. खिडकीतून शिवांजली ओरडून सांगत होती, "माय, कढईवर बसू नगंस! अण्णा, तिला बसू दिऊ नगा!" गाडी वळणाला गेली तरी तिचा आवाज येत होता.

दोघं भट्टीवर परत आले. सणावाराचे दिवस जवळ आले होते, खव्याला पुन्हा मागणी होती आणि कॅन रांगेनं उभे होते. मल्लिनाथनं दोन्ही चुली पेटवल्या. एका कढईवर तो बसला. दुसरीवर कोंडाबाई बसली, डाव्या हातात उलथनं घेऊन. दूध गरम व्हायला लागलं. तिचा हात मधेमधे थांबत होता. ती दात आवळून पुन्हा फिरवत होती. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते.

धोंडप्पा कॅन घेऊन आला. त्यानं दूध ओतलं, कॅन बाजूला ठेवला, पण नेहमीसारखा बोलत उभा राहिला नाही. धोतर खोचून तो कोंडाबाईशेजारी खाली बसला आणि त्यानं हात पुढं केला.

"आन हिकडं ते."

"आवं दादा, तुमाला कुठलं जमतंय? तळाला लागंल."

"लागंल तर लागंल. कसं धरायचं?"

कोंडाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. मल्लिनाथ आपल्या कढईत बघत होता, पण त्याचा हात सावकाश झाला होता.

"वरनं नगा धरू," ती म्हणाली आणि धोंडप्पाची बोटं दांड्यावर नीट बसवली. "खाली टेकवा. आता तळाला घासून, कडंकडंनं फिरवा. थांबू नगा."

"अस्सं?"

"व्हय. अस्सं."

धोंडप्पा फिरवायला लागला. कोंडाबाई जरा मागं सरकली, पाठ पत्र्याला टेकवली आणि दुखरा हात मांडीवर घेऊन बसली.